लोखंडी नग सोळा, दोर एक

बोरीवलीच्या सुखशांती सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या फाटकावर एक संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर संस्थापक सभासदांची नावं कोरलेली आहेत. नावं अकरा, आणि शेवटी 'व इतर'. संस्थेत बिऱ्हाडं एकूण बारा. म्हणजे 'इतर' या शब्दात तिसऱ्या मजल्यावरचे हरेश्वर तुळशीदास पेडणेकर एकटेच राहतात, सहकुटुंब.

यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. कोरणाऱ्याने वरची नावं जरा ऐसपैस कोरली आणि बाराव्या नावापुरती जागाच उरली नाही. 'व इतर' मात्र नेमकं बसत होतं. संस्थेचे सेक्रेटरी नगीनभाई शाह यांनी तेव्हाच पेडणेकरांची समजूत घातली होती. "पेडणेकरसाहेब, इतरमंदी तर सगळा जग येते! तुमी एकला माणूस बाकीच्या अकराला भारी हाय."

पेडणेकरांनी मान डोलावली आणि विषय मिटला असं सगळ्यांना वाटलं. तो मिटलेला नव्हता. दुसरा कोणी असता तर कदाचित विसरलाही असता, पण पेडणेकर स्टोअरकीपर होते. अठरा वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं, त्यातली शेवटची सहा मरोळच्या सरकारी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात. स्टोअरकीपरच्या रजिस्टरला शेवटी एक पान असतं, 'इतर' नावाचं. ज्या वस्तूचं नाव माहीत नाही, किंवा विचारायचा कंटाळा आला, ती त्या पानावर जाते आणि पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. पेडणेकरांच्या रजिस्टरला ते पानच नव्हतं. त्यांच्या राज्यात सगळ्यात लहान वायसरलाही नाव होतं, नंबर होता आणि दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी होती. अशा माणसाला रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःच्याच घराच्या फाटकावर 'इतर' होऊन आत-बाहेर करावं लागत होतं. त्यांना ते लागत होतं. अगदी जेवताना खडा लागावा तसं लागत होतं.

माणूस चंद्रावर उतरून सुखरूप परत आला, त्याच्या पुढच्या महिन्यातली गोष्ट. कारखान्यामागे एका भंगारवाल्याची वखार होती. त्याच्याकडे मिलिटरी डिस्पोजलचा माल यायचा. जेवणाच्या सुट्टीत पेडणेकर तिथे चक्कर मारायचे, घ्यायचं काही नसलं तरी. त्या दिवशी कोपऱ्यात एक कॅनव्हासचं पोतं पडलेलं दिसलं. आत गंजलेलं लोखंड आणि एक जाडजूड दोर. पोत्यावर खडूने लिहिलं होतं, 'अदर्स'.

"यात काय आहे?" पेडणेकरांनी विचारलं.

"मालूम नहीं साब. फुटकर है. ले जाओ."

पेडणेकर पोतं घेऊन आले. किती पैसे दिले ते त्यांनी मालनबाईंना सांगितलं नाही, तेव्हा आपणही विचारू नये.

घरी त्यांनी गॅलरीत जुना पेपर पसरला आणि एकेक वस्तू मांडली. लांब दांड्याची एक कुदळ, पण अशी की कोणाच्या शेतात कधी दिसली नसेल. एक हातोडा. तोंडाला स्प्रिंग असलेल्या पाच कड्या. भोकं पाडलेले सात चपटे खिळे, प्रत्येक वीतभर. आणि खाली टोकदार दात असलेले दोन लोखंडी तळवे, दहा-दहा दातांचे. लोखंडी नग सोळा, दोर एक. पेडणेकरांनी दोनदा मोजले. ते नेहमी दोनदा मोजत, आणि दोन्ही वेळा आकडा तोच येई.

मालनबाई पोळ्या सोडून बघायला आल्या. "अहो, हे काय आणलंत?"

"तेच शोधायचंय."

"म्हणजे काय आहे ते माहीत नसताना आणलंत?"

"माहीत असतं तर कशाला आणलं असतं?" पेडणेकर म्हणाले. स्टोअरकीपरच्या दृष्टीने हे उत्तर बिनतोड होतं. मालनबाईंनी एक दातेरी तळवा उचलून उलटासुलटा केला, खाली पाट ठेवला तर खवणी बरी होईल असं मत दिलं, आणि पेडणेकरांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

सुखशांती संस्थेत कोणाकडे नवीन वस्तू आली की ती फक्त त्या घराची राहत नाही. आधी तळमजल्यावरचे सीताराम गावडे आले. गावडे मिलमधून निवृत्त झालेले, मूळ मालवणकडचे, आणि आपल्याला माहीत नाही असं कोणत्याच बाबतीत न म्हणणारे.

"अरे हरेश्वरा, ह्यां काय ता माका विचार. ह्यां माडार चढूचां सामान! पायाक बांधूचां आणि सरसर वर."

"आणि कुदळ?"

"ती नारळ सोलूक."

"आणि एवढा लांब दोर कशाला?"

गावड्यांनी दोर हाताने मापून पाहिला. "पडलो तर बांधून घराक न्हेवक," ते म्हणाले.

मग मच्छीवाली अंजनाबाई आली. ती जिना चढून कधी वर येत नसे, पण पोत्याची बातमी खालीच लागली होती. तिने टोपली दाराबाहेर ठेवली आणि लांबूनच निकाल दिला. "आरं दादा, ह्यो तं नांगर हाय! ल्हान होरीचा नांगर. आमचे घरान दोन हान." नगीनभाईंनी मात्र होडी आणि माड दोन्ही फेटाळले. त्यांच्या मते हे चंद्रावर चालायचे बूट होते आणि सरकारला कळवायला हवं होतं. कोणत्या सरकारला, ते त्यांनी सांगितलं नाही.

पेडणेकरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मालनबाईंचा केसांचा आकडा, दात घासायचा जुना ब्रश, स्टोव्हची चावी, जे हाती लागेल ते घेऊन कड्यांच्या सांध्यातली माती उकरायला बसले. उकरलेली माती झटकायला त्यांनी पेपर उचलला आणि तिथेच थबकले. पेपर वर्षभरापूर्वीचा होता. त्यात बर्फावर उभ्या असलेल्या सहा-सात जणांचा फोटो होता, आणि मधल्याच्या हातात पेडणेकरांची कुदळ होती. अगदी तीच नव्हे, पण तिची सख्खी बहीण. खाली लिहिलं होतं की मुलुंडच्या कातळकडा गिरिभ्रमण मंडळाचे सभासद हिमालयातून परतले.

एवढी मोठी पर्वतावर चढायची सामग्री, आणि पोत्यावर 'अदर्स'! पेडणेकरांचे डोळे पाणावले, असं मालनबाई पुढे सांगत. पेडणेकर म्हणत की गंज गेला होता.

त्याच रात्री त्यांनी मंडळाला पत्र लिहिलं. सोबत सोळाही वस्तूंची मापं घालून काढलेली चित्रं जोडली, कार्बन कॉपीसह. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. पोस्टमनने ते खालीच गावड्यांना दिलं आणि गावड्यांनी ते जिन्यात मोठ्याने वाचलं. मंडळाने लिहिलं होतं की ही सामग्री महायुद्धाच्या काळातली लष्करी गिर्यारोहणाची असावी. आमचे मार्गदर्शक, निवृत्त सुभेदार धोंडिराम मोरे, दसऱ्याला पाहायला येतील. अस्सल निघाल्यास मंडळाच्या नव्या संग्रहात काचेच्या कपाटात ठेवू आणि खाली देणगीदाराचं नाव लावू.

देणगीदाराचं नाव. या दोन शब्दांपुढे पेडणेकरांनी काही ऐकलं नाही. काचेच्या कपाटात, मंडळाच्या भिंतीवर, सगळ्या मुलुंडने यावं आणि वाचावं: श्री. हरेश्वर तुळशीदास पेडणेकर, बोरीवली. त्यांनी ते पोस्टकार्ड कारखान्यातल्या सरसाने कपाटाच्या दारावर चिकटवलं. मजकुराची बाजू वर, पत्त्याची बाजू आत. सरस त्यांच्याच स्टोअरमधला होता आणि तो सुटत नसे, याबद्दल ते स्वतः खात्री देत.

आता सामान साफ करणं आलं.

दोराचं काम मालनबाईंकडे गेलं. त्यांनी तो धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवला, धोपटण्याने बडवला आणि शेवटी, पाहुणे येणार म्हणून, निळीच्या पाण्यातून काढला. दोर वाळल्यावर पांढराशुभ्र झाला आणि काठीसारखा ताठ उभा राहिला. अंजनाबाईने तो पाहिला आणि कपाळावर हात मारला. "बाय, सोड्यानं धुतलाव? मेला तो! दोराला तेल पायजे, तेल. मुशीचं तेल. आमचे होरीचे दोर बग, बापाचे टायमाचे हान."

मुशी माशाचं ते तेल अंजनाबाईने दुसऱ्या दिवशी स्वतः आणून दिलं, बाटलीभर, फुकट. पेडणेकरांनी ते कापसाच्या बोळ्याने दोराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चोळलं. दोर मऊ झाला, यात शंका नाही. मग तो मुरायला गच्चीवर पसरला. दुपारी गच्चीवर पाच मांजरं होती, संध्याकाळी अकरा. त्यातली दोन पार पलीकडच्या दत्तपाड्याची होती, कोणीतरी ओळखली. आणि वारा पश्चिमेचा असल्यामुळे गच्चीवरचा वास जिन्यातून उतरून थेट दुसऱ्या मजल्यावर नगीनभाईंच्या घरात शिरला. तिथे त्या आठवड्यात उपास चालू होते.

नगीनभाई नाकाला उपरणं लावून वर आले. "हरेश्वरभाई, तुमच्या दोरीचा वास आमच्या देवासमोर येते. आमी लोकांनी काय करायचा?"

"तेल मुरलं की जाईल," पेडणेकर म्हणाले.

"किती दिवसमंदी?"

"अंजनाबायच्या होडयेचो अजून जावक नाय," गावडे मध्येच म्हणाले. मदत करायचा त्यांचा हेतू होता.

नगीनभाईंनी तक्रार दिली. संस्थेला नाही, कारण संस्थेचे सेक्रेटरी तेच होते आणि स्वतःलाच पत्र लिहिणं त्यांना बरं दिसेना. म्हणून पोलीस चौकीला. तक्रारीत वासाबरोबर 'अज्ञात लोखंडी हत्यारे' असाही उल्लेख होता. संध्याकाळी एक हवालदार रजिस्टर घेऊन आले, खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि कुदळीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे काय?"

"बर्फाची कुदळ."

"बोरीवलीत बर्फ कुठंय?"

"गोळेवाल्याकडे आसा," गावडे म्हणाले.

हवालदारांनी गावड्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि मोठ्या अक्षरात लिहायला घेतलं, 'लोखंडी सामान व इतर.'

"खोडा ते," पेडणेकर म्हणाले.

आवाज त्यांचाच होता, पण मालनबाईंनी तो लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला. हवालदारही दचकले. पेडणेकर म्हणाले की या घरात 'इतर' काही नाही. प्रत्येक नग वेगळा लिहायचा, नाहीतर मी सही करणार नाही, मग मला आत टाका. आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. कडी, स्प्रिंगची, अंडाकृती, नग एक, लांबी चार इंच. कडी, स्प्रिंगची, अंडाकृती, नग दोन. दिवे लागले, मालनबाईंनी दोनदा चहा केला, आणि नवव्या वस्तूच्या जाडीवर हवालदारांनी हात टेकले. त्यांनी सगळं खोडून शेवटी एकच ओळ लिहिली आणि तीत पेडणेकरांना हरकत घेण्यासारखं काही सापडलं नाही. 'लोखंडी नग सोळा, दोर एक. वास येतो.' सही करून घेताना हवालदार हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, आमच्याकडे मुद्देमालाच्या खोलीत एकदा येऊन जा. कुणालाच काही सापडत नाही."

पेडणेकरांना त्या रात्री छान झोप लागली.

दसरा चार दिवसांवर आला आणि आधी खंडेनवमी होती. खंडेनवमीला कारखान्यात सगळी अवजारं घासूनपुसून, गंध-फूल वाहून पुजायची असतात, आणि पेडणेकरांच्या स्टोअरमधले पाने-पक्कड त्या दिवशी आरशासारखे चमकत. घरातल्या सोळा नगांनी मात्र चिंच, राख आणि घासलेट यांना दाद दिली नव्हती. पूजेला गंजलेलं शस्त्र मांडायचं, हे पेडणेकरांना पटणारं नव्हतं. त्यांनी पोतं उचललं आणि मरोळला निकलचा मुलामा देणाऱ्या ओळखीच्या मिस्त्रीकडे नेलं.

"आधी बफ मारून घासतो, मग निकल," मिस्त्री म्हणाला. "पण साहेब, ह्यांच्यावर काहीतरी ठोकलंय. बाण आहे, आणि आकडा. एकोणीसशे त्रेचाळीस. ठेवू?"

इथे पेडणेकरांनी जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं नसतं. ज्याला स्टोअरची शिस्त नाही त्याने ती खूण तशीच राहू दिली असती. पण एका स्टोअरमधून माल दुसऱ्या स्टोअरमध्ये आला की जुना नंबर काढायचा आणि नवा टाकायचा, हा नियम पेडणेकरांनी अठरा वर्षं पाळला होता. दोन नंबरांचा माल म्हणजे घोटाळा.

"जुना नंबर आहे," ते म्हणाले. "साफ काढून टाक. आणि परत करताना एकपासून ओळीने नवे ठोक."

अष्टमीच्या संध्याकाळी माल आला. काय चमक होती! दातेरी तळव्यांत तोंड दिसत होतं, कड्या तर नव्या नवरीच्या वाटाव्यात. पेडणेकरांनी मोजले. सतरा. पुन्हा मोजले. सतरा. सतरावा नग लहानसा होता, चपटा, एका टोकाला खाच असलेला, आणि त्याच्यावर मिस्त्रीने इमानदारीने '१७' ठोकलं होतं. कुठल्यातरी कडीच्या सांध्यात किंवा पोत्याच्या शिवणीत अडकून राहिला असणार आणि आपल्या नजरेतून सुटला असणार. म्हणजे आपली मोजणी चुकली. अठरा वर्षांत पहिल्यांदा. पोलिसांच्या कागदावर सही करून चुकली.

त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. मालनबाई त्याच वेळी स्वयंपाकघरातून ओरडत होत्या की स्टोव्हचं निपल तुंबलंय, माझी पितळी चावी कोणी हलवली, या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ. "स्टोअरकीपरचं घर म्हणे!" पेडणेकरांचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ते सतराव्या नगाकडे बघत बसले होते, आणि त्यांना मनापासून लाज वाटत होती.

दसऱ्याच्या सकाळी सुभेदार धोंडिराम मोरे आले. उंच, कोरडे, पांढऱ्या मिशांचे, जिना एका दमात चढून आलेले. त्यांच्यामागून सगळी संस्था आली. नगीनभाईसुद्धा आले, उपरण्यासह. पाटावर नवं वस्त्र अंथरून सतरा नग ओळीने मांडले होते, प्रत्येकावर गंधाचा ठिपका आणि झेंडूचं फूल. शेजारी दोराचं वेटोळं.

सुभेदारांनी चपला काढल्या, हात जोडले, खाली बसले आणि एक कडी उचलली. फूल बाजूला ठेवलं. कडी इकडून पाहिली, तिकडून पाहिली. मग दुसरी. मग कुदळ. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"ह्याच्यावर बाण होता का हो?"

"होता," पेडणेकर म्हणाले.

"आणि साल?"

"त्रेचाळीस."

"मग कुठाय ते?"

"काढलं. जुना नंबर होता."

 सुभेदारांनी कुदळ परत पाटावर ठेवली, फुलासकट. "तो बाण म्हणजे लष्कराचा शिक्का," ते म्हणाले. "त्याच्याशिवाय हे लोखंड कुठलं, कधीचं, कुणी वापरलं, काय सांगणार? आता ही नवरात्रातली भांडी झाली." मग त्यांनी नाक आक्रसलं. "आणि दोराला काय लावलंत?"

"मुशीचां तेल," गावडे म्हणाले.

"त्याआधी सोड्यात भिजवला होता," मालनबाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नसे.

सुभेदारांनी दोर उचलला, पीळ उलगडून आत पाहिलं आणि सगळ्यांना खाली अंगणात नेलं. दोराचं एक टोक त्यांनी अंगणातल्या माडाला बांधलं. दुसरं टोक नगीनभाईंच्या हातात दिलं, त्यांच्यामागे बाकीचे सभासद ओळीने उभे केले आणि म्हणाले, "ओढा." सभासदांनी ओढलं. दोर थोडा ताणला, करकरला, आणि मधोमध तुटला. संस्थापक सभासद अंगणात बसले, जवळजवळ पाटीवर ज्या क्रमाने नावं आहेत त्याच क्रमाने. पेडणेकर बाजूला उभे होते, कारण ओढायला त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं.

 सुभेदारांनी तुटलेलं टोक हातात घेतलं आणि पेडणेकरांना दाखवलं. "धुण्याच्या सोड्यानं आतून खाल्लाय. वरून मऊ, आतून भुसा. साहेब, हा दोर आमच्या मंडळात आला असता, आणि कुणी न तपासता एखादं पोरगं त्याच्यावर चढवलं असतं, तर?"

 देणगीदाराचं नाव त्या क्षणी पेडणेकरांच्या डोक्यातून पार गेलं. त्यांना फक्त ते पोरगं दिसलं.

"पण आम्ही कार्डावर लिहिलं होतं की हो," सुभेदार म्हणाले. "मी स्वतः ता. क. टाकला होता, पत्त्याच्या बाजूला."

मालनबाई वर गेल्या. कपाटाच्या दाराला उकळत्या पाण्याची वाफ दिल्यावर अर्ध्या तासाने पोस्टकार्ड सुटलं, कपाटाचा थोडा रंग घेऊन. मागे बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: 'ता. क. सामग्री आहे तशीच ठेवावी. घासू, धुवू, रंगवू नये. कोणतीही खूण काढू नये. दोराला काहीही लावू नये.' पेडणेकरांनी ते वाचलं, घडी घालता येत नाही हे माहीत असूनही घडी घालायचा प्रयत्न केला आणि खिशात ठेवलं.

सुभेदार जाताना सगळं पोतं घेऊन गेले. "शिकवायला कामाला येईल," एवढंच म्हणाले. पाटावरचा सतरावा नग मात्र त्यांनी बराच वेळ फिरवून पाहिला. "हे काय आहे ते मलाही कळत नाही. माझ्या नोकरीत पाहिलं नाही." तोही पोत्यात गेला.

त्या दिवशी पेडणेकर आपट्याची पानं द्यायला कोणाकडे गेले नाहीत. श्रीखंडाची वाटी तशीच राहिली. गॅलरीत बसून ते खाली फाटकाकडे बघत होते. पाटीची पाठ तेवढी दिसत होती.

"मालन," ते म्हणाले, "मी इतरच बरा."

मालनबाईंनी वाटी पुढे सरकवली. "बरं. पण इतरांनाही भूक लागते. जेवा."

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी मंडळाचं आमंत्रण आलं. संग्रहाचं उद्घाटन, रविवारी सकाळी, मुलुंड. पेडणेकरांनी कार्डाच्या दोन्ही बाजू वाचल्या, मग उजेडाकडे धरूनही बघितलं. जायचं नाही असं त्यांनी ठरवलं. मालनबाईंनी नारायणपेठी नेसली, तेव्हा जायचं ठरलं. दोन बस बदलून दोघं पोहोचली.

हॉलमध्ये गर्दी होती. भिंतीला लागून काचेचं कपाट होतं आणि वर मोठी पाटी: 'सामग्रीची निगा: काय करू नये.' आत निकलचं लोखंड झळाळत होतं. प्रत्येक वस्तूखाली तिचं नाव आणि तिच्यावर ओढवलेला प्रसंग स्वच्छ अक्षरात लिहिला होता. आइस-ॲक्स: शिक्का घासून काढला. क्रॅम्पॉन (दातेरी तळवे), एक जोडी: निकल चढवलं. पिटॉन (कड्यात ठोकायचे खिळे), सात. कॅराबिनर (स्प्रिंगच्या कड्या), पाच. हातोडा. दोर: सोडा, नीळ व मुशीचे तेल, दोन तुकडे. आणि सगळ्यांच्या खाली, ठळक: 'देणगीदार: श्री. हरेश्वर तुळशीदास पेडणेकर, बोरीवली.'

सुभेदार कपाटासमोर नव्या सभासदांना समजावून सांगत होते. "नीट बघून घ्या. या माणसाने आपल्यासाठी एवढं सगळं एकट्याने बिघडवून ठेवलंय. हे बघितल्यावर तुमच्यातला एकजणही सोड्याच्या दोरावर चढायचा नाही." मुलं खरोखरच नीट बघत होती. एकजण वहीत नाव उतरवून घेत होता.

पेडणेकर पुढे गेले. लाज वाटावी की अभिमान, हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी सवयीने मोजायला घेतलं. सोळाव्यापाशी आले. सतरावा नग कोपऱ्यात वेगळा ठेवला होता आणि त्याच्यापुढच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'इतर. नग एक. उपयोग अज्ञात, बहुधा लष्करी.'

त्यांच्या खांद्याशी मालनबाई काचेला नाक लावून उभ्या होत्या. "अहो," त्या म्हणाल्या. "ही माझी चावी."

"कसली?"

"स्टोव्हची! निपल काढायची. महिनाभर शोधतेय. ही खाच बघा, जरा वाकडी आहे ना, ती माझ्याकडूनच वाकली होती. तुम्ही माती उकरायला घेतलीत आणि पोत्यात टाकलीत. पितळेची होती, पांढरी करून ठेवलीत, मग मला कशी दिसणार?"

पेडणेकरांनी मनात पुन्हा मोजलं. मोजणी चुकली नव्हती. सोळाच होते. पहिल्या दिवशी सोळा, दुसऱ्यांदा सोळा, पोलिसांच्या कागदावर सोळा. छातीवरचं ओझं उतरलं आणि त्यांना भर हॉलमध्ये, मुलुंडच्या अनोळखी लोकांसमोर, हसू फुटलं.

"गप्प बसू या," मालनबाई कुजबुजल्या. "लष्करी म्हणताहेत तर म्हणू दे. आपण नवी घेऊ. उगाच लोकांत शोभा नको."

त्यांचं म्हणणं शहाणपणाचं होतं. पण पेडणेकरांनी पुन्हा चिठ्ठी वाचली. 'इतर. नग एक.' ते तसेच सुभेदारांकडे गेले आणि म्हणाले, "सुभेदारसाहेब, एक चिठ्ठी बदलायचीय. त्या वस्तूला नाव आहे."

सुभेदारांनी ऐकून घेतलं. त्यांची मिशी एकदा हलली. मग त्यांनी कपाटाचं कुलूप काढलं, जुनी चिठ्ठी उचलली आणि पेन पेडणेकरांच्याच हातात दिलं. पेडणेकरांनी खुर्चीवर टेकून, रजिस्टरमध्ये लिहितात त्या अक्षरात, सावकाश लिहिलं: 'स्टोव्हचे निपल काढावयाची चावी. पितळी. नजरचुकीने निकल चढवलेली. नग एक. देणगीदार: सौ. मालन हरेश्वर पेडणेकर, बोरीवली.'

कपाट बंद झालं. मालनबाई काचेसमोर आल्या आणि त्यांनी ती चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली. मग पदर सारखा केला आणि वहीत नावं उतरवणाऱ्या मुलाला म्हणाल्या, "अरे बाळा, हेही घे लिहून."

परत येताना दोघं फाटकापाशी पोहोचली तेव्हा नगीनभाई बाहेर उभे होते. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. मालनबाईंनी जिना चढता चढता सगळं सांगितलं, तिन्ही मजल्यांवर, प्रत्येक मजल्यावर पहिल्यापासून. नवी चावी दुसऱ्याच दिवशी आली. जुनी त्यांनी परत कधी मागितली नाही.